वल्हं लांब असते

मोठे बाबा,

काल तुमची तेरवी झाली. मांडववाला दांडे सोडून घेऊन गेला, भाड्याची पातेली परत गेली, आणि आज दुपारी कितीतरी दिवसांनी घरात फक्त घरचीच माणसं जेवली. ताईंचा, माझ्या थोरल्या जावेचा, आत्ता कुठे डोळा लागला आहे. तुमचा भाऊ कळमन्याच्या बाजारात दुकान उघडायला गेला. आजचा दिवस राहू द्या म्हटलं, तर म्हणाला, घरी बसलो तर रडतच राहीन, तिथं निदान संत्री तरी दिसतील. रुची बॅग भरते आहे. आणि मी तुमच्या खोलीच्या दारात, त्या लाकडी स्टुलाजवळ वही घेऊन बसले आहे.

तुमच्याशी असं सरळ बोलायची मला सवय नाही. एकोणतीस वर्षं एका छताखाली काढली, पण तुम्ही माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि मी घरातली धाकली. पारशिवनीकडच्या आपल्या गावाची रीत गावातच राहिली नाही, तुमच्या आईवडिलांसोबत नागपुरात, महाल भागातल्या या घरात राहायला आली. धाकलीने भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. त्याच्यासमोर खाटेवर बसायचं नाही. त्याच्याशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही. चहा हातात द्यायचा नाही, स्टुलावर ठेवायचा. आणि चुकून एकमेकांना स्पर्श झालाच तर दोघांनी आंघोळ करायची.

मग बोलायचं कसं? तर भिंतीशी. रुची बोलायला लागल्यावर मी तिच्या आडून बोलायची. 'रुची, मोठ्या बाबांना विचार, भाजी वाढू का?' रुची व्हायच्या आधी हे सगळं बिचाऱ्या भिंतीला विचारलं जायचं. तुम्हीही तिलाच उत्तर द्यायचे, 'आज वरणात मीठ पडलं नाही वाटते.' ताई म्हणायच्या, या भिंतीले कान बी आहेत अन् तोंड बी आहे, फक्त हात नाही, नाहीतर वाढून बी दिलं असतं.

आणि तुमचं खाकरणं. दारातून आत यायच्या आधी तुम्ही घसा खाकरायचे, म्हणजे मी पदर सावरून घ्यावा. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या बोलीत तुमचा आवाज दहा दुकानांपलीकडे जायचा म्हणतात. आमच्या वाट्याला त्या आवाजातलं एवढं एक खाकरणं आलं. संध्याकाळी सात वाजता ते ऐकू आलं की हात आपोआप डोक्याकडे जायचा. काल संध्याकाळी सात वाजता कोणी खाकरलं नाही, तरी गेला.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या दारात आपली टक्कर झाली होती, आठवते? मी भांड्यांची टोपली घेऊन बाहेर, तुम्ही पाणी प्यायला आत. माझ्या कोपराचा तुमच्या हाताला धक्का लागला. मला ताईंनी बंबात पाणी तापवून दिलं. तुम्ही मात्र ऐन जानेवारीत नळाच्या गार पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली आणि पुढचे तीन दिवस तापाने फणफणलात. मी नुकतीच बी.एड. झालेली, शाळेत नोकरी लागलेली. मनात म्हणाले, बाई गं, कोणत्या काळात येऊन पडले मी.

पण हेही सांगते, तुम्ही वाईट वागला नाहीत कधी. माझी नोकरी सुटावी असं घरात दोघातिघांना वाटत होतं. तुम्ही जेवताना भिंतीला म्हणालात, 'शाळेत शिकवते ते, काही चोरी नाही करून राहिली. रिक्षाची वाट पाहत किती दिवस उभी राहील? धाकलीले गाडी शिकू द्या.' दुसऱ्या दिवशी स्टुलावर चहाच्या जागी स्कूटीची किल्ली होती. महालाच्या त्या चिंचोळ्या गल्ल्यांतून पदर खोचून स्कूटी काढणारी आपल्या आळीतली मी पहिली सून. मी स्वतःला फार सुधारलेली समजत होते आणि तुम्हाला जुन्या वळणाचे. हे लक्षात असू द्या. पुढे याचंच काम पडणार आहे.

बालीला जायचं रुचीने ठरवलं. नोकरी लागून बंगळुरूला गेली तशी तिने धोसरा लावला होता की मोठ्या बाबांच्या आणि मोठ्या आईच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील तेव्हा सगळे मिळून परदेशी जाऊ. तुम्हाला मूल नाही. रुची मला झाली, पण वाढली तुमच्या खांद्यावर. तिने म्हटलं आणि तुम्ही नाही म्हणालात असं कधी झालंच नाही. तीन वर्षांपूर्वी आपण पाचजण, तुम्ही, ताई, तुमचा भाऊ, रुची आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर गेलो. सामानात चिवडा, शेव, ठेचा आणि ताईंच्या पिशवीत दोन डझन संत्री. ती विमानतळावर काढून घेतली तेव्हा तुम्ही त्या माणसाला म्हणालात, 'बाबू, फेकू नोको, खाऊन घे. गोड आहेत.'

हॉटेलातही तुमचं खाकरणं सुरूच. खोलीतून निघताना, जेवायच्या हॉलमध्ये शिरताना, लिफ्टचं दार उघडताना. तिसऱ्या दिवशी हॉटेलची एक बाई तुमच्यासाठी आल्याचं गरम पाणी घेऊन आली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला खोकला झाला. तुम्ही गुपचूप पिऊन घेतलंत आणि मी पदरात तोंड लपवून हसले. तुम्हीही हसत होता. ते मी पाहिलं होतं.

नदीत नाव चालवायची कल्पनाही रुचीचीच. हवा भरलेली रबरी नाव, हातात वल्हं, डोक्यावर हेल्मेट, आणि खडकांमधून उसळत जाणारी नदी. तुमच्या भावाला पोहता येत नाही, त्याने आधीच हात वर केले. ताई म्हणाल्या, मी काठावर बसतो बापा, मले या वयात काहून बुडवता? पण तुम्ही पेंच नदीच्या काठावर वाढलेले. तुम्ही म्हणालात, 'चला गा. नदी पाहाले एवढ्या दूर आलो अन् काठावर बसता काय?' तुम्ही म्हणालात म्हणजे झालं.

नदीपर्यंत पोचायला डोंगरातून शेकडो पायऱ्या उतरायच्या होत्या. त्या उतरताना ताईंनी पारशिवनीपासून बालीपर्यंतच्या सगळ्या देवांना हाका मारल्या. माझी पंचाईत वेगळीच होती. रुचीने मला तिची ट्रॅकपँट आणि टीशर्ट घालायला लावला होता. तुमच्यासमोर पदर नाही, ओढणी नाही. मी पायऱ्यांवर अडून बसले. रुची म्हणाली, 'आई, हेल्मेट आहे ना वं. डोकं तं झाकलंच आहे.' मी उठले आणि पुढच्या पायऱ्या उतरायला लागले.

काठावर आपला नावाडी, वायान त्याचं नाव, पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा. त्याने आधी झावळीच्या छोट्या द्रोणात फुलं आणि चार भाताची शितं ठेवून तो द्रोण खडकावर ठेवला, नदीसाठी. तुम्ही ते पाहिलंत. मग खाली वाकून ओंजळभर पाणी डोक्याला लावलंत आणि म्हणालात, 'माय, पाय लावून राहिलो, राग मानू नोको.' वायानला त्यातलं एक अक्षर कळलं नसेल. तरी तो तुमच्याकडे पाहून मान हलवता झाला आणि तुम्हीही त्याच्याकडे पाहून. त्या एका मिनिटात तुम्ही दोघं एका गावचे झालात.

त्याने हातवारे करून सगळं शिकवलं. त्याचं इंग्रजी आणि आपलं इंग्रजी एकाच तोलाचं, त्यामुळे अडचण आली नाही. मी ओरडलो की वल्हं मारा, पुन्हा ओरडलो की थांबा, 'बूम बूम' म्हटलं की दोर धरून नावेच्या तळाशी बसा. कोणी पाण्यात पडलं तर आधी हात द्या. हात पुरला नाही तर वल्ह्याची मूठ पुढे करा. जवळ आलं की जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरा आणि मागे झोकून द्या, माणूस आपोआप आत येतं.

मग त्याने आपल्याला बसवलं. पुढे तुमचा भाऊ आणि रुची. मधे डावीकडे तुम्ही, उजवीकडे मी. मागे ताई, त्याच्या पायाशी, सांभाळून. आता मधल्या ओळीत तुम्ही आणि मी म्हणजे गुडघ्याला गुडघा. आणि 'बूम बूम' झालं की तळाशी खांद्याला खांदा. वायान दोर सोडायला वळला तसे आपण दोघंही उठलो, कोणी कोणाला काही न बोलता. ताई तुमच्या शेजारी गेल्या, मी मागे टोकाला. वायान वळला, चक्रावला, त्याने पुन्हा ताईंना मागे आणि मला मधे बसवलं. तो वळला, आपण पुन्हा बदललो. असं तीनदा झालं. शेवटी त्याने नावेच्या शेपटीवर हात आपटून, मग हाताने मोठी उडी करून मला दाखवलं की मागच्या टोकाला उसळी जास्त असते. मी मान डोलावली आणि तिथेच बसून राहिले. त्याने आकाशाकडे पाहिलं आणि नाव सोडली.

पहिला अर्धा तास काय मजेत गेला, सांगू? दोन्ही बाजूंना हिरवेगार कडे, वरून पाण्याच्या धारा, आणि आपली नाव गोल गोल. कारण वायान एक सांगायचा आणि सगळे आधी तुमच्याकडे पाहायचे. 'मारा गा,' असं तुम्ही म्हटल्याशिवाय तुमच्या भावाचं वल्हं पाण्याला लागायचं नाही. मग वायानच हुशार निघाला, तो सरळ तुमच्याकडे पाहून ओरडायला लागला आणि तुम्ही पुढे ओरडायला लागलात. तो आवाज! बाजारातला तुमचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. कड्यांवर आपटून परत येत होता. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

आणि मग ती उतरण आली. वायान 'बूम बूम' ओरडला, तुम्ही ओरडलात, सगळे तळाशी बसले. मीही बसत होते. नावेचं पुढचं टोक खाली गेलं, शेपूट वर आलं, आणि मी चेंडूसारखी उडाले.

पाणी गार होतं. कानात, नाकात, तोंडात पाणी. पाय टेकवायला जावं तर प्रवाह पाय ओढून नेत होता. नाव खडकाला अडकून गर्रकन फिरली. वायान वल्ह्याने ती सोडवायच्या झटापटीत होता, आणि मी वाहत नेमकी तुमच्या बाजूला आले. डोकं वर निघालं तेव्हा मला पहिल्यांदा काय दिसलं, ते तुम्हाला माहीत आहे आणि मला. दुसऱ्या कोणालाच नाही.

मला तुमचा हात दिसला. उघडा, पाचही बोटं ताणलेली, अर्धं अंग नावेबाहेर काढून माझ्या तोंडासमोर आणलेला. आणि तुम्ही ओरडलात, 'धर!' सव्वीस वर्षांत भिंतीला वळसा न घालता तुमच्या तोंडून सरळ माझ्याकडे आलेला तो पहिला शब्द.

मी धरला नाही.

धरू शकले नाही, असं नाही. माझा हात पाण्याबाहेर आला होता, तुमच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. तो मी मागे घेतला. मागे घेऊन काय केलं, तर डोक्याकडे नेला, पदर ओढायला. तिथे प्लास्टिकचं हेल्मेट होतं. मी पुन्हा पाण्याखाली गेले.

दुसऱ्यांदा वर आले तेव्हा समोर वल्ह्याची मूठ होती. ती मी धरली. तुम्ही ओढलंत, जवळ आल्यावर जॅकेटचे पट्टे धरलेत, संत्र्यांनी भरलेली पेटी उचलावी तशी मला उचललंत आणि मागे झोकून दिलंत. आपण दोघं नावेत एकावर एक पडलो. मी आयुष्यात इतक्या चपळाईने उठले नव्हते. तुम्ही तोंड फिरवून नदीकडे पाहत बसलात. पुढच्या वळणावर वायान नाव ओढायला पाण्यात उतरला तर पाणी त्याच्या छातीपर्यंतच. छातीभर पाण्यात मी जवळजवळ जीव दिला होता.

रात्रीच्या जेवणाला रुची भडकली. ती पुढे बसली होती. मागे वळून तिने पाहिलं तेव्हा तुमचा हात मागे जात होता आणि वल्हं पुढे येत होतं. तेवढंच तिने पाहिलं. ताट सरकवून ती म्हणाली, 'मोठे बाबा, तुम्ही हात मागे काहून घेतला? आई मरून राहिली होती अन् तुम्ही वल्हं देता? तिले हात लागला असता तं काय बिघडलं असतं?'

तुम्ही ताटाकडे पाहत होता. मला वाटलं, आता सांगतील. सांगायलाच हवं होतं. तुम्ही घास गिळलात आणि म्हणालात, 'वल्हं लांब असते बेटा.'

बस, एवढंच. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी पुढचा घास घेतला.

नागपूरला परतलो आणि त्याचा किस्सा झाला. लग्नात, बारशात, कोणाच्याही घरी चार बायका जमल्या की मागणी यायची, सांग ना वं तो नावेचा किस्सा. आणि मी सांगायची, हातवारे करून, तुमचा आवाज काढून. 'जीव गेला तरी बेहत्तर, पण आमच्या मोठ्या बाबांनी रीत मोडली नाही!' बायका हसून हसून लोळायच्या. जेवताना कोणाचा हात लोणच्यापर्यंत पुरला नाही की कोणीतरी म्हणणारच, वल्हं लांब असते. तुम्ही पलीकडच्या खोलीत सुपारी कातरत बसलेले असायचे. अडकित्त्याचा आवाज थांबायचा, किस्सा संपला की पुन्हा सुरू व्हायचा. एकदाही तुम्ही खोडून काढलं नाही.

हसण्यावारी गेलं असतं तर चाललं असतं, पण रुची हसत नव्हती. दर रविवारी ती तुम्हाला फोन करायची, आज बाजारात माल कसा आला, कोणत्या गावचा आला, असं लहानपणापासूनचं तुमचं चालायचं. ते बंद झालं. ती माझ्या फोनवर बोलायची, मोठ्या आईची चौकशी करायची, तुमची नाही. रविवारी तिचा फोन आला की तुम्ही दाराबाहेर खाकरायचे. मला कळायचं. मी स्पीकर सुरू करायची. ती म्हणायची, 'आई, स्पीकर बंद कर.' बाहेरचं खाकरणं मग खोलीकडे जायचं. मृग बहाराच्या संत्र्यांची पहिली पेटी तुम्ही बसने बंगळुरूला पाठवत राहिलात, आणि ती ऑफिसात वाटून टाकत राहिली.

तीन वर्षं, मोठे बाबा. पोरीचा राग तुम्ही अंगावर घेतला आणि मी लोकांना हसवत राहिले.

मागच्या हिवाळ्यात फुप्फुसाचं दुखणं लागलं आणि तुमचा खोकला खरा झाला. रीतीचा कोणता, दुखण्याचा कोणता, मला ओळखू येईना. प्रत्येक वेळी मी पदर ओढायची. दिवसातून शंभर वेळा ओढत असेन.

रुची आली ती तुम्ही गेल्यावर आली. विमान उशिरा उतरलं, तिला फक्त तुमचे पाय पाहायला मिळाले. ते धरून बसली होती. अकराव्या दिवशी गावाकडच्या बायका बसायला आल्या, रडणं झालं, चहा झाला, आणि दुःखातही माणसाला हसायला लागतं म्हणून एकजण म्हणालीच, 'मोठ्या बाबाचा तो नावेचा किस्सा सांग वं, बरं वाटन.' रुची उठून जायला लागली. मी म्हटलं, बस. आणि मी किस्सा सांगितला, पहिल्यांदा खरा. हात त्यांनी दिला होता. मागे मी घेतला.

रुचीने विचारलं, 'मोठ्या बाबाले माहीत होतं, की मी उलटं समजून राहिली?'

'होतं.'

'मग ते बोलले काहून नाही?'

'तुझी आई तुझ्या नजरेत लहान झाली असती म्हणून.'

'अन् ते झाले ते?' ती म्हणाली, आणि तुमच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

ती सध्या माझ्याशी कामापुरतं बोलते. बोलू दे. तुम्ही तीन वर्षं सोसलं, मी थोडं सोसलं तर झिजणार नाही. पोर तुमच्या वळणाची आहे, सोडणार नाही तशी तोडणारही नाही. आज सकाळी तिने तुमच्या भावाला विचारलं, बाबा, आज कोणत्या गावचा माल येणार? रविवार नव्हता तरी विचारलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जायच्या चार दिवस आधी सकाळी ताई देवळात गेल्या होत्या. मी चहा आणून स्टुलावर ठेवला आणि वळले. तुम्ही खाकरला नाहीत. तुम्ही सरळ म्हणालात, 'धाकले, त्या नदीत हात काहून नाही धरला वं?'

तुमच्या आवाजात राग नव्हता. बाजारात एखादा माल का नाही विकला, असं विचारावं तसं विचारलंत. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. उत्तर आज लिहिते.

मला रीतीची भीती नव्हती वाटली, मोठे बाबा. गार पाण्यात रीत कोणाला आठवते? मी तुमचा हात पाहिला आणि मला दिसलं की तुम्ही एका क्षणात सगळं बाजूला ठेवलंत, विचारसुद्धा केला नाहीत. आणि मी, शिकलेली, स्कूटीवर फिरणारी, वर्गात मुलींना धीट व्हा म्हणून सांगणारी, माझा हात सवयीने पदराकडे गेला. जुनी मीच निघाले. ते माझं मलाच सहन झालं नाही, म्हणून मी तो किस्सा उलटा सांगत राहिले. तुम्ही मला पाण्यातून दोनदा काढलंत. एकदा वल्ह्याने, आणि एकदा ताटाकडे पाहत खोटं बोलून. दुसऱ्या वेळचे आभार मानायचे राहिले होते.

त्या सकाळी मी उत्तर दिलं नाही, पण तुम्ही स्टुलावरचा कप उचलायला गेलात आणि तो तिरका होऊन बशीत वाजला. मी परत आले, कप उचलला आणि तुमच्या हातात दिला. दोन्ही हातांनी, तुमची बोटं त्याभोवती नीट बसेपर्यंत मी सोडला नाही. तुमची बोटं गरम होती, कपापेक्षाही.

तुम्ही एक घोट घेतलात. माझ्याकडे न पाहता, ओठांच्या कोपऱ्यात तेच हॉटेलातलं हसू आणून म्हणालात, 'जा आता. आंघोळ करून घे.'

आणि एकोणतीस वर्षांत मी पहिल्यांदा तुम्हाला तोंडाला तोंड देऊन बोलले. 'सकाळीच झाली माझी.'

तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली आणि थोडा चहा चादरीवर सांडला.

घाटावरून माणसं परत आली त्या दिवशी घरात सगळ्यांनी आंघोळी केल्या, मीही केली. पण चहाच्या त्या सकाळी मी केली नाही, मोठे बाबा. त्याच हातांनी चादर बदलली, त्याच हातांनी पोळ्या लाटल्या, आणि संध्याकाळी देवापुढे दिवाही त्याच हातांनी लावला.